प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

भाषेच्या वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो? कुणालाही विचारा, "चार-पाच सेकंद तरी थांबतोच की" असं उत्तर मिळेल. वर्गाचं रेकॉर्डिंग लावलं की बहुतेक वेळा जेमतेम एक सेकंद भरतो. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं आणि तिथेही आकडा एका सेकंदाच्या आसपासच आला. तो तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, "माहीत नाही" म्हणणारी कमी झाली. ती मुलं निदान स्वतःच्या भाषेत विचार करत होती. जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग शब्द आठवायचे, ते व्याकरणात बसवायचे आणि वर चारचौघांत तोंड उघडायचं. त्याला तीन सेकंदही अपुरेच पडतात.

मग शिक्षक थांबत का नाही? थांबायचं असतं हे त्याला ठाऊक असतं. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या सरावपाठांत, प्रश्नकौशल्य घटवून घेतलेलं असतं, टाचणातही 'विचार करण्यास वेळ देणे' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष वर्गात मात्र शांतता पसरली की पोटात काहीतरी हलतं आणि तोंड आपोआप सुरू होतं. भाषाशिक्षकाच्या प्रगतीचा विचार या जागेपासून करायला हवा असं माझं ठाम मत आहे. नव्या पद्धती, नवी ॲप्स, नवी पाठ्यपुस्तकं हे सगळं नंतर. या भीतीचं काही केलं नाही, तर शिकलेली कुठलीही पद्धत वर्गात पाचव्या मिनिटाला गळून पडते.

भीती एकच नसते, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

पहिली भीती स्वतःच्या भाषेबद्दलची. गणिताचा शिक्षक गणित शिकवतो आणि बोलतो मराठीत किंवा इंग्रजीत. भाषेचा शिक्षक जे शिकवतो त्यातच बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य म्हणजे जाहीर परीक्षा असते. विद्यार्थ्यांना परकी भाषा बोलताना वाटणाऱ्या भीतीवर भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली, ती आजही वापरात आहे. पुढे हॉर्विट्झ यांनीच दाखवून दिलं की अशीच भीती शिक्षकांनाही असते आणि त्यांच्या शिकवण्यावर तिचा परिणाम होतो. पुण्यात ही गोष्ट फार जवळून दिसते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात भाषा शिकून इथेच शिकवायला लागलेले शिक्षक पुष्कळ, आणि त्यांच्या समोर बसलेल्या शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये दोन वर्षं म्युनिकला राहून आलेला हिंजवडीचा इंजिनिअरही असतो. त्याने एखादा शब्द विचारला आणि तो आपल्याला आला नाही तर? आपण स्वतः बोलतो ते घरून तयार करून आणलेलं असतं. विद्यार्थी काय बोलेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून शिक्षक जास्त बोलतो. तो स्वतःला सुरक्षित ठेवत असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो उत्साही वाटतो.

दुसरी भीती विद्यार्थ्याची दया येऊन निर्माण होते. तो अडखळतोय, सगळे बघतायत, म्हणून शिक्षिका त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकते. हेतू चांगला असतो. पण त्या विद्यार्थ्याला कळतं ते इतकंच की आपल्याकडून हे होणार नाही असं बाईंना वाटतंय.

तिसरी भीती पोर्शनची आणि पैशांची. जेएलपीटी ही जपानीची पात्रता परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. त्यात वाचन, श्रवण, शब्द आणि व्याकरण आहे, बोलण्याची परीक्षा नाही. नोव्हेंबर उजाडला की बोलण्याचे सगळे तास परीक्षेच्या सरावात जातात. खासगी क्लासमध्ये तर शांतता म्हणजे फी वाया गेल्यासारखी वाटते. तासावर मोबदला घेणाऱ्या शिक्षकाला आपण सतत काहीतरी 'देत' राहिलं पाहिजे असं वाटणं अगदी साहजिक आहे.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवणाऱ्यांची अडचण वेगळी. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. त्या शिक्षिकेला स्वतःच्या मराठीची भीती नसते. तिला सलते ती विषयाची पत. पालकसभेत तिच्या टेबलासमोर रांग नसते आणि सहामाहीच्या आधी तिचा तास 'जरा सायन्सला' दिला जातो. शिवाय भाषा जन्मापासून येत असल्यामुळे नियम कधी मांडावे लागलेलेच नसतात. घर 'तो' किंवा 'ती' नसून 'ते' का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं, आणि वाकडच्या सोसायटीतलं हिंदी बोलणारं मूल नेमकं तेच विचारतं.

यावर करायचं काय, ते आता सविस्तर सांगते.

स्वतःच्या वर्गाचा आवाज रेकॉर्ड करायचा. व्हिडिओ नको. व्हिडिओत शिक्षकाचं लक्ष स्वतःच्या दिसण्याकडे जातं, आणि मुलांच्या चेहऱ्यांचा प्रश्नही उभा राहतो. शाळेत असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या, प्रौढांच्या बॅचला स्पष्ट सांगा, आणि नोंदी करून झाल्या की फाइल पुसून टाका. फोन आपल्या टेबलावर ठेवला तर फक्त आपलाच आवाज येतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाकावर, वहीवर उलटा ठेवा. वहीमुळे बाकाची खडखड कमी येते. फोन विमान मोडवर टाका. पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका.

पूर्ण तास ऐकायचा नाही. इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो: साठ मिनिटं ऐकायला बसतात, वीस मिनिटांत स्वतःच्या आवाजाला कंटाळतात आणि पुन्हा कधी त्या वाटेला जात नाहीत. पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटापर्यंतचा तुकडा घ्या. हजेरी, गृहपाठ, उजळणी तोवर संपलेली असते आणि खरं शिकवणं चालू असतं. पहिल्यांदा आवाज ऐकून ओशाळल्यासारखं होतंच, ते प्रत्येकाला होतं. म्हणून पहिली फेरी कागद-पेन न घेता नुसती ऐकून सोडून द्या. नोंदी दुसऱ्या फेरीत.

नोंदींसाठी आडव्या कागदावर चार रकाने पुरतात. पहिल्यात शिक्षकाने विचारलेला प्रश्न, दोन-तीन शब्दांत. दुसऱ्यात थांबलेले सेकंद, फोनवरच्या घड्याळात बघून. तिसऱ्यात उत्तर कुणी दिलं: एका विद्यार्थ्याने, सगळ्यांनी एका सुरात, की शिक्षकाने स्वतःच. चौथ्यात चूक झाली असेल तर तिचं पुढे काय झालं. दहा मिनिटांच्या नोंदींना साधारण चाळीस मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा, आणि शक्यतो अवघड वाटणाऱ्या बॅचचं. आवडत्या बॅचचं रेकॉर्डिंग कानाला गोड लागतं, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

चौथ्या रकान्याबद्दल जरा सावकाश बोलायला हवं. मराठीच्या तासातला हा तुकडा बघा:

"तुझं घर कुठे आहे?"
"माझा घर वाकडला आहे."
"हो का, माझं घर वाकडला आहे. छान! आता तू सांग."

शिक्षिकेच्या मते चूक दुरुस्त झाली. मुलाच्या कानावर मात्र 'हो का' आणि 'छान' पडलं. त्याला वाटलं आपलं बरोबर आहे आणि बाईंनी कौतुकाने ते पुन्हा म्हटलं. महिनाभराने तो 'माझा घर'च म्हणणार. लिस्टर आणि रांता या संशोधकांनी १९९७मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा असाच अभ्यास केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त दुरुस्त्या या प्रकारच्या निघाल्या: चुकीचं वाक्य शिक्षकाने गुपचूप बरोबर करून म्हणायचं. आणि विद्यार्थ्यांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळाला तोही याच प्रकाराला. जिथे शिक्षकाने दुरुस्ती हातात न देता विद्यार्थ्याला पुन्हा प्रयत्न करायला लावला, तिथे त्याने स्वतःची चूक स्वतः सुधारण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणजे शिक्षिकेने म्हणायला हवं होतं, "माझा घर?" 'माझा'वर किंचित जोर देऊन, आणि मग थांबायचं. त्याला उमजलं नाही, तर "घर: तो, ती की ते?" पुन्हा थांबायचं. "ते घर… माझं घर." आता ते वाक्य त्याचं झालं. हिंदीत 'मेरा घर' असतं म्हणून तो 'माझा' म्हणतो, हे शिक्षिकेला माहीत असेल तर फारच उत्तम. मग ती वर्गात हिंदीत पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी असलेल्या आठ-दहा शब्दांची यादी भिंतीवर लावेल. प्रत्येक चुकीला असं थांबायचं नसतं, नाहीतर बोलण्याची गंमतच जाईल. एका आठवड्याला एकच चूक निवडा. त्या आठवड्यात फक्त तिच्यावर थांबा, बाकीच्या सोडून द्या.

ही दुरुस्तीची पद्धत पुन्हा येऊन त्या तीन सेकंदांवरच टेकते. थांबता आलं नाही, तर "माझा घर?" म्हटल्यावर पुढच्याच क्षणी आपण "माझं घर" म्हणून मोकळे होतो.

थांबायची सवय लावायला एक साधी युक्ती: प्रश्न विचारला की ओठ मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं अंगठ्याला एकेक करून टेकवायची, सावकाश. करंगळीपर्यंत पोहोचेतो साधारण चार सेकंद होतात. नजर एकाच विद्यार्थ्यावर रोखू नका, वर्गावर फिरू द्या. आणि विद्यार्थ्याचं उत्तर संपल्यावरही थांबा. हे दुसरं थांबणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळदा विद्यार्थी श्वास घेऊन पुढचं, अधिक चांगलं वाक्य बोलणार असतो आणि नेमकं तेव्हाच आपण "व्हेरी गुड" म्हणून त्याचं तोंड बंद करतो.

पहिले दोन आठवडे हे फार विचित्र वाटतं. वर्गही गोंधळतो, कारण बाई स्वतःच उत्तर देतात याची त्यांना सवय असते आणि ते वाट बघत बसतात. म्हणून बॅचला सांगून टाका: मी आता थांबणार आहे, तुम्हाला विचार करायला वेळ देणार आहे. सांगितल्याने निम्मं काम होतं. चार आठवडे बदल हा एकच. थांबणं, दुरुस्ती, गटकार्य असं सगळं एकदम हाती घेणाऱ्याच्या कागदावर एकही आकडा हलत नाही, आणि मग 'हे आपल्याकडे चालत नाही' असा निष्कर्ष निघतो.

एकाच बदलाचा एवढा आग्रह का? मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि शरीराच्या खुणा, म्हणजे धडधड, घाम, कोरडा घसा यांचा आपण लावलेला अर्थ. त्यात पहिला सर्वांत बळकट. दिवसभराच्या कार्यशाळेत मिळतो तो मुख्यतः तिसरा. म्हणून शनिवारी सभागृहातून भारावून बाहेर पडलेला शिक्षक सोमवारी जुन्यासारखाच शिकवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, जमल्याचा अनुभव त्याला कुणी दिलाच नाही. नोंदींच्या कागदावर १ सेकंदाचे ३ झालेले दिसले की तो अनुभव मिळतो, आणि तो स्वतःचा असतो.

दुसरा स्रोत सहकाऱ्याच्या वर्गात बसून मिळतो, पण आपल्याकडे निरीक्षण म्हटलं की शेरा आलाच. पर्यवेक्षक मागच्या बाकावर बसतात, 'फलकलेखन सुधारावे' लिहून जातात. या अनुभवामुळे शिक्षक दार लावून घेतात. म्हणून जोडी जमवताना बरोबरीचा माणूस निवडा, वरिष्ठ नको. काय बघायचं ते शिकवणारा आधी ठरवतो आणि बघणारा तेवढंच टिपतो: कुणाला किती वेळा बोलायला मिळालं याचा बाकांचा नकाशा, किंवा थांबलेले सेकंद. विशेषण लिहायचं नाही. 'छान' नाही, 'कमी' नाही, फक्त आकडे आणि जसेच्या तसे उच्चारलेले शब्द. नंतरचं बोलणं त्याच दिवशी, वीस मिनिटं, आणि पहिलं तोंड शिकवणाऱ्याने उघडायचं. बघणाऱ्याने सल्ला द्यायचा तो मागितल्यावरच. हा नियम मोडला की दुसऱ्या वेळी त्या वर्गाचं दार उघडत नाही.

आता स्वतःच्या भाषेकडे. पाच-सहा वर्षं सतत ए-वन किंवा एन-फाइव्ह, म्हणजे जर्मनची किंवा जपानीची अगदी पहिली पातळी, शिकवलं की शिक्षकाची भाषा त्या पातळीला येऊन बसते. सोपे शब्द, छोटी वाक्यं, संथ गती हीच सवय होते. हे जाणवतं, पण बोलून दाखवायची चोरी असते, आणि त्यातून पहिली भीती आणखी वाढते. उपाय थोडा कष्टाचा आहे. आपल्या मूळ पातळीचा एक लेख वाचा किंवा बातमीपत्र ऐका आणि तोच मजकूर मोठ्याने तीनदा सांगा: पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. तिसऱ्या वेळेला शब्द शोधायला सवड राहत नाही आणि अडखळण्याच्या जागा उघड्या पडतात. त्या लिहून काढा, पुढच्या वेळी त्यांच्यावर काम करा. ऐकणारं कुणी असेल तर फार बरं, नसेल तर फोन चालतो.

आणि वर्गात न आलेल्या शब्दासाठी एक वाक्य त्याच भाषेत पाठ करून ठेवा: "बघून पुढच्या तासाला सांगते." फळ्याच्या कोपऱ्यात तो शब्द लिहा. पुढच्या तासाची सुरुवात त्यानेच करा. विद्यार्थी न आलेला शब्द विसरतात, पण 'सांगते' म्हणून न सांगितलेलं विसरत नाहीत.

मराठी भाषक शिक्षकाने आपण जर्मन किंवा जपानी नाही याचं ओझं बाळगू नये, असंही मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्याची चूक कुठून येते ते त्याला आतून कळतं. मराठीत तीन लिंगं असल्यामुळे जर्मनची तीन लिंगं ही कल्पना आपल्या मुलांना सहज पटते, पण 'तो दरवाजा' म्हणणाऱ्याला 'दी ट्यूर' स्त्रीलिंगी आणि 'ती खिडकी' म्हणणाऱ्याला 'दास फेन्स्टर' नपुंसकलिंगी पचत नाही. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि 'पुण्याला' मधल्या 'ला'सारखा 'नि' शब्दामागे लागतो, हे मराठी शिक्षक दोन मिनिटांत समजावू शकतो. या भाषिक शेजाराची एक वही करा. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती करायला फार वर्षं लागतील.

थकव्याबद्दल थोडक्यात, पण ते टाळून चालणार नाही. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅस्लाक यांच्या मांडणीत त्याची तीन अंगं आहेत: भावनिक रितेपण, माणसांबद्दल आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. भाषाशिक्षकाला पहिलं अंग लवकर गाठतं, कारण सकाळी सात, संध्याकाळी सहा आणि रात्री आठच्या बॅचला तेच "तुमचं नाव काय?" तितक्याच उत्सुकतेने विचारावं लागतं. दुसऱ्याची खूण सोपी आहे: विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत आणि 'ही बॅचच अशी आहे' हे वाक्य वारंवार तोंडी येतं. तसं झालं तर सुट्टीइतकीच पातळी बदलून घेण्याचीही गरज असते. पाच ए-वन बॅचपैकी एक सोडून बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, मागून घ्या. दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं बोलणं पूर्ण बंद, पाणी जवळ, आणि रस्त्यावरचे हॉर्न आत येत असतील तर आवाज चढवण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या जवळ जाऊन उभं राहा. घसा बसला की शिक्षक चिडका होतो आणि त्याला त्याचं कारणही कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या आवडीनुसार वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते तास असे वाटता येतात: आठवड्याला ४० मिनिटं नोंदी, वर्षातले ३० आठवडे, म्हणजे २० तास. सहकाऱ्याबरोबर सहा वेळा दीड-दीड तास, म्हणजे ९. उरलेले २१ स्वतःच्या भाषेसाठी. शाळेच्या हिशेबात यातलं काय धरलं जाईल ते मुख्याध्यापकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून घ्या.

क्लास आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी अशी कुठलीच सोय नाही, आणि शिकवणाऱ्यांत ते पुष्कळ आहेत. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत दुचाकीवर धावणाऱ्याला सहकाऱ्याच्या वर्गात बसायचं तर त्या तासाचं उत्पन्न सोडावं लागतं. संचालकांनी सहामाहीत प्रत्येक शिक्षकामागे तीन निरीक्षण-तासांचा मोबदला शिकवण्याच्याच दराने द्यावा. आणि नोंदींचे कागद मागू नयेत. ते कार्यालयाच्या फाइलला लागले, की पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचे सेकंद एकदम चांगले येऊ लागतील आणि वर्गात काहीही बदललेलं नसेल.